इंद्रायणीत बुडवलेली खते

तुकोबारायांचा दुष्काळ आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. १६३० च्या सुमाराचा तो काळ. व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, पुत्रही गेला. इथून वक्ते लगेच वैराग्यावर येतात आणि भूक हे देवाने दिलेले निमित्त ठरते. हे निरूपण अपुरे आहे. महाराजांनी आत्मपर अभंगात पत्नीचे मरण सांगितले, त्यात लाज आहे, दुःख आहे, प्रौढी नाही. आणि घरच्या सावकारीतील आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे महिपती सांगतात. म्हणजे भुकेला त्यांचे उत्तर नुसते विरक्तीचे नाही, ऋणमुक्तीचेही आहे.

आता राजूरकडे पाहा. २०२० च्या टाळेबंदीत पायी वारी थांबली, पादुका एसटीने पंढरीस गेल्या. तशीच डांगाणातल्या माणसांची नारायणगावाकडची मजुरीही थांबली. एप्रिलपासून माणशी ५ किलो मोफत धान्य आले, पण कार्डावरच्या नावांपुरतेच. नव्या सुनेचे, तान्ह्या लेकराचे नाव नसेल, तर त्याच धान्यात सर्वांनी भागवायचे. तेल-मीठ विकतच. आदिवासींची खावटी पूर्वी कर्ज होती. त्या वर्षी शासनाने तिचे ४००० रुपयांचे अनुदान केले. निम्मे रोख, निम्मे जिन्नस. रक्कम थोडी, पण कर्ज पुसणे ही तुकोबांचीच वाट.

तेव्हा माउली, पुढच्या वेळी तो अभंग ऐकून डोळे पुसाल, तेव्हा आपली उधारीची वहीही एकदा उघडा.