शब्दांची उलटतपासणी

बोलीतील शब्दाची व्युत्पत्ती सांगणारा मनुष्य बहुधा ऐकीव साक्षीदारासारखा असतो. कथा त्याजपाशी तयार असते, आधार मात्र नसतो. अमेरिकेतील इंडियाना संस्थानच्या रहिवाशांस 'हूझियर' म्हणतात. दारावर थाप पडताच तेथील लोक आतून 'कोण आहे?' असे विचारीत, त्यावरून हे नाव पडले, ही तिकडची लाडकी दंतकथा. शब्दाचे मूळ अद्याप निर्विवाद ठरलेले नाही. पण दंतकथेस त्याची फिकीर कुठली?

'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश' हा कोश आम्हांस मोलाचा वाटतो तो याचमुळे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फ्रेडरिक कॅसिडी यांनी १९६५ ते १९७० या काळात १००२ वस्त्यांत कार्यकर्ते धाडून २७७७ जणांच्या जणू जबान्याच घेतल्या. पहिला खंड १९८५ मध्ये निघाला. कॅसिडी २००० साली निवर्तले आणि 'झेड'पर्यंतची मजल जोन ह्यूस्टन हॉल यांच्या संपादनाखाली २०१२ मध्ये पुरी झाली.

या पानांतून काय हाती लागते? दक्षिणेकडील 'गूबर', म्हणजे भुईमूग, हा आफ्रिकेतील काँगो प्रदेशाच्या 'नगुबा'चा वंशज. 'गंबो' या पक्वान्नाचे नावही बांटू भाषांतील भेंडीचे. ज्या गुलामांची खरी नावे मालकांच्या वहीत उतरली नाहीत, त्यांच्या शेंगेचे नि भेंडीचे नाव मालकांच्याच जिभेवर बसले! तरीही किनाऱ्यावरील गला बोलीस पंडित दीर्घकाळ मोडके इंग्रजीच समजत. लॉरेंझो डाउ टर्नर यांनी प्रत्यक्ष बोलणाऱ्यांपाशी बसून तिच्यातील आफ्रिकी शब्दांचा ढीग १९४९ मध्ये ग्रंथरूपाने पुढे ठेवला, तेव्हा तो निवाडा फिरला. बोलीला 'अशुद्ध' ठरवून मोकळे होण्याची खोड आपल्या सभामंडपांतही आहेच.

लुइझियानात माप भरल्यावर दुकानदार वर घालतो त्या वस्तूस 'लान्याप' म्हणतात. हा शब्द पेरूच्या केचुआ भाषेतून स्पॅनिशांच्या तोंडी आला आणि फ्रेंच वळण घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात रुजला.

कोशात उणेही आहे. साक्षीदारांत वृद्धांचा भरणा मुद्दाम केलेला. त्यामुळे जुने शब्द वाचले, तरी तरुणांची त्या वेळची बोली क्षीण ऐकू येते. लोकसंख्येच्या प्रमाणात फुगविलेले नकाशेही प्रथम वाचकास गोंधळात टाकतात.

वकिलास मात्र एक नोंद विसरता येणार नाही. ओहायोतील अ‍ॅक्रन परिसरात पदपथ आणि रस्ता यांमधील गवताच्या पट्ट्यास 'डेव्हिल स्ट्रिप' म्हणतात. जवळच्या क्लीव्हलंडकडे तोच 'ट्री लॉन' होतो. खंडणीच्या एका चिठ्ठीत हा शब्द पाहून भाषाशास्त्रज्ञ रॉजर शुय यांनी पोलिसांस विचारले, संशयितांत कोणी अ‍ॅक्रनचा आहे काय? एक जण होता. केवळ एवढ्यावर शिक्षा द्यावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु तपास कोणत्या दारी न्यावा, हे त्या गवताच्या पट्टीने सांगितले.