ऑर्कच्या पोरांचा प्रश्न

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाविषयी अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत जे लिहिले-बोलले गेले, त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते: खेळात राजकारण आणू नका. चार-सहा मित्र मेजाभोवती बसतात, फासे टाकतात, मध्येच कोणीतरी निवडणुकीचा किंवा युद्धाचा विषय काढतो आणि खेळाचा रंग जातो, असे या तक्रारीचे स्वरूप. ती कितपत खरी आहे, हे तपासायचे तर मेजावरच्या गप्पांबरोबर खेळाचे नियमपुस्तकही एक संहिता म्हणून वाचावे लागते. मराठीत या विषयाची चर्चा जवळजवळ झालेलीच नाही, म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या छोट्या गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या रूपात हा खेळ प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एक सोंग घेतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, खेळाडू ‘मी दार फोडतो’ किंवा ‘मी त्याच्याशी बोलून पाहतो’ असे म्हणतात, आणि शंका असेल तिथे फासा निकाल देतो. पट असलाच पाहिजे असे नाही, आणि शेवटी कोणी जिंकत नाही. या सूत्रधाराचा पूर्वज प्रशियाच्या सैन्यात सापडतो. राइस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून काय घडले ते सांगणारा पंच असे.

दुसरा पूर्वज अधिक बोलका आहे. अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी १९५९ मध्ये ‘डिप्लोमसी’ हा खेळ बाजारात आणला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता, फासे नाहीत, सगळी मदार वाटाघाटींवर आणि विश्वासघातावर. ब्रुकलिनचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बोर्डमन यांनी १९६३ मध्ये ‘ग्राउस्टार्क’ हे हौशी पत्रक काढून हा खेळ टपालाने खेळवायला सुरुवात केली. कोणत्या सैन्याने कुठे चाल केली याच्या जोडीला व्हिएतनामच्या युद्धावर आणि नागरी हक्कांच्या लढ्यावर बोर्डमन यांची सडेतोड मते याच पत्रकात छापली जात. लॉस एंजेलिसमध्ये याच्या नेमके उलट घडले. तिथल्या विज्ञानकथाप्रेमींच्या ‘आपा-एल’ या साप्ताहिक गप्पापत्रात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चीच चर्चा इतकी वाढली की, १९७५ मध्ये ली गोल्ड यांनी तिच्यासाठी ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ हे स्वतंत्र पत्र सुरू केले. म्हणजे खेळाची चर्चा आणि जगाची चर्चा आधी एकाच घरात नांदत होत्या. त्यांची वाटणी नंतर झाली.

तमाशाच्या प्रेक्षकाला यात नवल वाटायचे कारण नाही. वगातला राजा सिंहासनावर बसलेला असताना सोंगाड्या चालू सरकारवर कोटी करतो, म्हणून वग मोडत नाही. सोंग घेतलेला माणूस दोन काळांत एकदम उभा असतो, एवढेच.

आता नियमांकडे वळू. १९७४ च्या पुस्तिकांत खजिन्यातले एक सुवर्णनाणे म्हणजे सर्वसाधारणपणे अनुभवाचा एक गुण. गुण साठले की योद्धा वरच्या पातळीवर जातो. नवव्या पातळीवर तो ‘लॉर्ड’ होतो, गढी बांधतो आणि दर रहिवाशामागे वर्षाला १० नाणी उत्पन्न घेतो. ड्वार्फ जमातीच्या योद्ध्याला मात्र सहाव्या पातळीपुढे जाता येत नाही. माणसाला अशी मर्यादा नाही. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये असाधारण बळ मोजण्यासाठी शंभर पायऱ्या आहेत. मानवी पुरुष योद्धा शंभराव्या पायरीपर्यंत जातो, स्त्री योद्ध्याला पन्नासाव्या पायरीवर थांबवले जाते. ही अट १९८९ च्या आवृत्तीत गेली. मुलूख कोणाचा, वर कोण चढणार, कोणाचे बळ किती मानायचे, हे प्रश्न राजकारणाचे नसतील तर कशाचे? फक्त ते कोष्टकांच्या भाषेत लिहिलेले असल्यामुळे पटकन डोळ्यांत भरत नाहीत.

सर्वांत बोचरे कोष्टक १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आहे. ऑर्क ही तिथे जातीनेच दुष्ट ठरवलेली जमात. पण त्याच नोंदीत ऑर्कच्या वस्तीत पुरुषांच्या प्रमाणात स्त्रिया किती आणि पोरे किती, याचाही हिशेब दिला आहे. पुरुष मारले गेले, सोने हाती आले, आणि कोपऱ्यात पोरे उभी आहेत. त्यांचे काय करायचे, यावर नोंद गप्प आहे. ‘ऑर्कच्या पोरांचा प्रश्न’ म्हणून खेळाडूंत गाजलेला वाद तो हाच. नियमाने मोकळी सोडलेली जागा मेजावरच्या माणसांना भरावी लागली, आणि ती भरताना त्यांना आपल्या देशाचा इतिहास आठवला.

आठवला तो खुद्द गायगॅक्स यांनाही. २००५ मध्ये या विषयावर बोलताना त्यांनी अशी हत्या ‘सज्जन’ पात्रालाही शोभू शकते अशी बाजू घेतली. लिखांच्याच पुढे उवा होतात, या अर्थाच्या इंग्रजी म्हणीचा त्यांनी आधार घेतला आणि ती म्हण ज्याच्या तोंडी घातली जाते त्या कर्नल शिव्हिंग्टनचे नावही काढले. कोलोरॅडोतील सँड क्रीक येथे नोव्हेंबर १८६४ मध्ये शायान आणि अरापाहो लोकांच्या तळावर हल्ला करून बायका, मुले आणि म्हातारे मारणारी फौज याच कर्नलची. कल्पित प्राण्याच्या पोरांविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना खेळाच्या जनकालाही खऱ्या इतिहासाचा रस्ता टाळता आला नाही. गप्पांनी राजकारण बाहेरून आणले, हा आरोप इथे गळून पडतो.

पुढचा भाग अलीकडचा आहे. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिका ढवळून निघाली असताना, जून २०२० मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशक कंपनीने ऑर्कसारख्या जमातींचे चित्रण यापुढे एकरंगी असणार नाही, असे जाहीर केले. २०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ‘रेस’ या शब्दाच्या जागी ‘स्पीशीज’ आला आणि ऑर्क हे खेळाडूने घेण्याजोगे सोंग झाले. त्यापाठोपाठ आलेल्या नव्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ऑर्कची नोंदच उरली नाही.

हा बदल योग्य आहे. जमात पाहून माणसाचे चारित्र्य ठरवणारे कोष्टक कोणत्याही पुस्तकातून जावे, खेळाच्या तर जावेच. पण समीक्षकाने जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडायला हवी. जुन्या पुस्तकाने अन्यायाचा हिशेब मांडला आणि नकळत त्यात पोरांचा आकडाही ठेवला. त्या आकड्यामुळे कुठल्यातरी खेळाडूचा तलवार उगारलेला हात थांबला आणि त्याने विचारले, ‘यांनी आपले काय केले आहे?’ नव्या यादीत तो आकडा नाही. शत्रू हरवण्याबद्दल अनुभवाचे गुण मात्र अजूनही मिळतात, आणि शत्रूचे घरदार आता नोंदीत दिसत नाही. पुस्तक स्वच्छ झाले, पण हात थांबवणारा काटाही त्याबरोबर निघाला.

म्हणून मेजावर राजकारण नको म्हणणाऱ्यांपेक्षा, पुस्तक सुधारले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते. पहिल्यांना निदान काहीतरी बोचत असते. नियमपुस्तक यापुढे जे विचारणार नाही, ते मेजाभोवतीच्या कोणीतरी विचारायला हवे, आणि सूत्रधाराने त्याला ‘आधी फासा टाक’ म्हणून गप्प करता कामा नये. फासा थोडा वेळ थांबू शकतो.