महाकाव्यातील प्रसंग आणि मातीचा फलक: केळझरच्या निमित्ताने

वर्धा जिल्ह्यातील केळझर हीच महाभारतातील एकचक्रानगरी आणि भीमाने बकासुराचा वध केला तो येथेच, अशी स्थानिक परंपरा आहे. खानदेशातील एरंडोलही हाच मान सांगते. एक कथा दोन गावांना लागावी ह्यात नवल नाही. नाव वस्तूला लागते ते बोलणाऱ्यांच्या संकेतामुळे. शिल्पातील प्रसंगाला आपण जे नाव देतो त्यालाही हाच न्याय लागू आहे. त्याचा विसर पडला, की कलासमीक्षा इतिहासाची दिशाभूल करू लागते.

ह्या दृष्टीने मीलॉस बेटाच्या नावाने ओळखले जाणारे ग्रीक मृत्फलक पाहण्यासारखे आहेत. ते इ. स. पू. ५ व्या शतकातील असून साच्यात माती दाबून घडविलेले आहेत. एका फलकावर वृद्ध दासी भिकाऱ्याचे पाय धूत आहे. ‘ओडिसी’ जाणणाऱ्यास तो ओडिसियस आहे हे सांगावे लागत नाही. न जाणणाऱ्यास मात्र तो नुसता अतिथिसत्कार वाटेल. दुसऱ्या फलकावर परतलेला ओडिसियस पेनेलोपीसमोर आहे, आणि तेथील एक वृद्ध त्याचा पिता लेअर्टीझ म्हणून ओळखला जातो. काव्यात मात्र हा पिता नगराबाहेर शेतावर राहतो, व पितापुत्रांची भेट अगदी शेवटी, २४ व्या सर्गात होते. तेव्हा ही ओळख खरी असेल, तर कुंभाराने काव्याची नक्कल केलेली नाही. ऐकणाऱ्यांच्या मनातील कथा एका क्षणात गोळा केली आहे.

आपल्याकडे अहिच्छत्र येथील गुप्तकालीन मृत्फलकावर दोन रथी लढताना दिसतात. एकाच्या ध्वजावर चंद्र, दुसऱ्याच्या ध्वजावर वराह. महाभारतातील ध्वजवर्णनाशी हे जुळत असल्याने युधिष्ठिर व जयद्रथ ही ओळख भक्कम ठरते. पवनारच्या पाषाणशिल्पांची गोष्ट वेगळी आहे. १९३८ मध्ये विनोबा तेथे राहावयास आल्यानंतर आश्रमाच्या भूमीत ती सापडली. वा. वि. मिराशी ह्यांनी त्यांत भरतभेटीसारखे रामायणप्रसंग पाहिले, पवनार म्हणजे वाकाटकांचे प्रवरपूर असे प्रतिपादिले आणि तेथे राममंदिर असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे काही अभ्यासकांनी ह्यांतील काही शिल्पे कृष्णकथेशी जोडली. ओळख बदलली, की तिच्यावर उभारलेल्या मंदिराचा पायाही हलतो.

म्हणून शिल्पातील प्रसंगास नाव देताना तीन गोष्टी पाहाव्यात: अन्यत्र न आढळणारी खूण, शेजारच्या फलकांचा क्रम आणि त्या काळी त्या भूमीत ती कथा प्रचलित असल्याचा स्वतंत्र पुरावा. दोन पुरुषांची भेट एवढ्याने भरतभेट सिद्ध होत नाही. ह्या कसोटीने केळझरच्या परंपरेचे मोल कमी होत नाही. बकवध कोठे झाला हे ती सिद्ध करीत नाही. परंतु महाभारत येथे किती खोलवर रुजले आहे, ह्याचा ती उत्तम पुरावा आहे. तिला तेवढेच बोलू द्यावे.