‘डाकघर’ नाटकातील पत्र

रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे १९११ साली लिहिलेले छोटे बंगाली नाटक बहुतेक टीकाकार मृत्यूचे रूपक म्हणून वाचतात. आपल्या या देशात तर ते साहजिकच आहे. वॉर्साच्या घेट्टोत यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी हेच नाटक केले, आणि तीन आठवड्यांच्या आत मुलांना व कोर्चाकांना त्रेब्लिंकास नेण्यात आले. तरीही आम्हांस हे नाटक मुळात टपालाचे वाटते.

आजारी अमलला घराबाहेर पडण्यास बंदी. खिडकीसमोर राजाचे डाकघर उघडते आणि आपल्यालाही पत्र येईल अशी आस त्याला लागते. हा निव्वळ पोरखेळ नव्हे. पूर्वी हिंदुस्थानात पत्राचा खर्च अंतराप्रमाणे वाढत असे. इंग्लंडात १८४० साली पेनीचे टपाल निघाले, त्या धर्तीवर १८५४ साली पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा हा एकच दर ठरला. १८७९ साली पोस्टकार्ड निघाले, तेही एका पैशात! खेड्यातल्या पोराने पत्राची वाट पाहावी, एवढे टपाल आता जवळ आले होते.

अक्षरओळख मात्र तितकी स्वस्त झाली नाही, आणि नाटकातली सर्वांत खरी जागा आम्हांस येथेच दिसते. अमलला वाचता येत नाही. आत्या रामायण वाचते, पण तिला राजाचे अक्षर लागेल का, अशी त्याला शंका. कोणालाच वाचता आले नाही तर पत्रे जपून ठेवू, मोठेपणी वाचू, असे तो ठरवतो. याच अज्ञानाचा फायदा घेऊन गावचा मुखिया कोरा कागद राजाचे पत्र म्हणून पुढे करतो. फकिराच्या वेशातले ठाकुरदा तोच कागद मायेने ‘वाचून’ दाखवतात. पुढे खरोखरच राजवैद्य येतो आणि अक्षराची अडचण मागे पडते. नाटककाराने ती इतक्या लवकर सोडायला नको होती, असे आमचे मत आहे.

आमच्या आईची मुंबईहून आलेली निळी हवाई पत्रे बिस्किटांच्या डब्यात आहेत. नातवाला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. परवा त्याने एक पत्र उलगडून पुढे धरले. खुशालीच्या दोन ओळी आम्ही वाचल्या. तिसरी घडीवर पुसली गेली होती, ती आम्ही मनानेच वाचून दाखवली.