मोघम शब्दांची सत्ता

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आई स्वयंपाकघरात करंज्या भरीत बसली होती. पुण्याहून नातीचा दोनदा फोन येऊन गेला होता. तिला आजीचे तोंड बघायचे होते आणि आजीला तिने काढलेली रांगोळी. आईचा फोन नवा. त्यावर ही समोरासमोर बोलण्याची सोय उतरवून देण्याचे काम माझ्याकडे आले. निम्मे काम झाले आणि पडद्यावर इंग्रजी मजकुराची भलीमोठी चळत उभी राहिली. तळाशी एक बटण होते.

"काय विचारतंय ते?" आईने मान वर न करता विचारले.

"काही नाही ग. सहमत आहात का, एवढंच."

"कशाला सहमत?"

मला सांगता येईना. मी तो मजकूर वाचलेला नव्हता. माझ्या स्वतःच्या फोनवर तरी कुठे वाचला होता?

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नात दिसणार नाही."

"मग विचारतात कशाला?" आई म्हणाली. "दाब तूच. माझे हात पिठाचे आहेत."

मी बटण दाबले. नात दिसली, रांगोळी दिसली, सगळे आनंदीआनंद झाले. पण 'मग विचारतात कशाला?' हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

दिवाळी अंकात कोणी कादंबरीचे परीक्षण करतो, कोणी कवितेचे. मी पडलो शाळामास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या असल्या तरी शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याची पदवी मजपाशी नाही. पण मुलांचे निबंध तपासण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. निबंधात 'वगैरे' आले की मी त्याभोवती तांबडे वर्तुळ काढतो आणि समासात लिहितो, 'वगैरे म्हणजे काय?' जिथे विचार संपतो तिथे 'वगैरे' सुरू होते, असा माझा अनुभव आहे. आज हीच तांबडी पेन्सिल घेऊन मी दोन प्रकारच्या गद्याचे परीक्षण करणार आहे. एक, मोठ्या तंत्रज्ञान-कंपन्यांचे. दुसरे, आपल्या सरकारचे. सध्याच्या काळात सर्वांत जास्त माणसांवर सत्ता गाजवणारे आणि सर्वांत कमी वाचले जाणारे वाङ्मय हेच आहे.

कंपनीचे गद्य आधी घेऊ. न वाचता सही करण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकरी उठले. सुरुवात सुप्याला झाली. त्या दंग्यांत माणसे मारण्यापेक्षा सावकारांचे कागद हस्तगत करून जाळण्यावर लोकांचा रोख होता. ज्या कागदावर आपला अंगठा आहे आणि ज्यात काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक नाही, तो कागद आपल्या जमिनीचा काळ आहे, हे त्या निरक्षर माणसांना बरोबर कळले होते. सरकारलाही ते कळले असावे. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यात अशी तरतूद आली, की शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा. माझ्या आईच्या माहेरी याच धड्याची एक म्हण झाली होती : वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

आज आपण सारे साक्षर आहोत आणि दिवसातून चारदा न वाचता अंगठा देतो. शाई तेवढी लागत नाही.

कंपनीच्या या गद्याची शैली पाहा. 'आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून', 'आमचे भागीदार', 'इतर संबंधित कारणांसाठी'. अनुभव कोणाचा, भागीदार कोण, कारणे कोणती? सगळीकडे 'वगैरे'! २०२१च्या जानेवारीत व्हॉट्सअॅपने आपले नवे धोरण जाहीर केले, तेव्हा त्यातला भावार्थ 'मान्य करा, नाहीतर ही सोय सोडा' असाच होता. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये नेमके यावर बोट ठेवले आणि मेटा या मालक कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. पुढे नोव्हेंबर २०२५मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने आयोगाच्या आदेशातला काही भाग काढून टाकला, पण दंड कायम ठेवला. आईचा प्रश्न आयोगाने आपल्या भाषेत विचारला, एवढाच याचा अर्थ. 'नाही' म्हणण्याची वाट बंद करून घेतलेला होकार हा होकारच नव्हे.

२०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. संमती मागताना भाषा स्पष्ट आणि सोपी हवी, आणि ती विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा हवी, असे तो कायदा म्हणतो. म्हणजे मराठीतही! त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी अंमलात याव्यात असे त्यांत ठरले. मराठीच्या शिक्षकाला याहून मोठी दिवाळी भेट कोणती? पण मी पान उलटले. सतराव्या कलमात केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला या कायद्यातून मोकळे करण्याचा अधिकार दिलेला आहे. कारणे देशाच्या सुरक्षिततेची, सार्वजनिक सुव्यवस्थेची. कारणे खोटी नाहीत, पण माप मात्र मोघम आहे. वाण्याच्या तराजूवर शिक्का मारणाऱ्याने स्वतःच्या घरचा तराजू तपासणीतून वगळावा, तसे हे झाले.

आता सरकारचे गद्य. यातही आपला प्रांत पोळलेला आहे. १८९७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सारा वाद कलमातल्या 'अप्रीती' या अर्थाच्या एका इंग्रजी शब्दावर आला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. झाले! सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८च्या खटल्यात टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली आणि 'केसरी'तल्या लेखांचे सरकारी भाषांतर कसे चुकले आहे, हे एकेक शब्द घेऊन दाखवले. शिक्षा टळली नाही. सहा वर्षे मंडाले वाट्याला आले. पण शब्दाचा अर्थ कोण ठरवतो यावर माणसाची सुटका अवलंबून असते, हा धडा त्यांनी आपल्याला दिला.

तो धडा आपण किती लक्षात ठेवला? माहिती-तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले. फोनवरून किंवा संगणकावरून 'घोर आक्षेपार्ह' मजकूर पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह कोणाला? त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, खोटा ठाऊक असून पाठवलेल्या मजकुराबद्दल, एक यादी होती. तीत त्रास, गैरसोय, धोका, अपमान, द्वेष सारे एका ओळीत बसवलेले. माझ्या वर्गातल्या मुलाने 'गैरसोय' आणि 'धोका' एका टोपलीत घातले असते तर मी त्याला उभे केले असते.

नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने हा बंद आदरापोटी की धाकापोटी, अशा अर्थाचे चार शब्द फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्यावर पसंतीची खूण केली. दोघींना अटक झाली. एकीला वाक्याबद्दल आणि दुसरीला अंगठ्याबद्दल! पुढे तो खटला बंद झाला. पण या प्रकाराने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६-अ हे कलम संपूर्ण रद्द केले. एक प्रमुख कारण हेच, की त्यातले शब्द इतके मोघम आहेत की काय केले असता गुन्हा होतो हे ना नागरिकाला कळते, ना पोलिसाला. गंमत पुढेच आहे. मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाला ते पुन्हा बजावावे लागले.

यानंतर सरकारने वेगळी वाट धरली. ती समजून घेण्यासाठी एक व्यवहार ध्यानात घ्यावा लागतो. लोक फेसबुकवर, यूट्यूबवर जे लिहितात-बोलतात त्याबद्दल कंपनीला जबाबदार धरायचे नाही, असे संरक्षण कायद्याच्या ७९व्या कलमाने तिला दिलेले आहे. पण ते सशर्त आहे. म्हणजे एखाद्या वाड्याच्या भिंतीवर बिऱ्हाडकरू काही लिहितो. सरकार बिऱ्हाडकरूकडे जातच नाही, मालकाला म्हणते, 'हे पुसा, नाहीतर भिंत तुमची आणि गुन्हाही तुमचा.' तुमच्या-माझ्या एका वाक्यासाठी कोणता मालक कोर्टाची पायरी चढेल? तो चुना घेऊन उभाच असतो. अटक नाही, आरडाओरडा नाही, हुतात्मा नाही. वाक्य तेवढे नाहीसे होते.

एप्रिल २०२३मध्ये नियमांत दुरुस्ती झाली ती अशी : केंद्र सरकारच्या कारभाराविषयी कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारच्याच तथ्य-तपासणी विभागाने ठरवायचे. 'दिशाभूल' या शब्दाभोवती माझी पेन्सिल आपोआप फिरली. खरी आकडेवारी देऊन दिशाभूल करता येते आणि विनोदाने खरे सांगता येते. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी या नियमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत एकमेकांविरुद्ध पडले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४मध्ये आपले मत दिले आणि ती दुरुस्ती रद्द ठरली. व्याख्येवाचून हे शब्द मोघम आहेत, असे त्यांनीही म्हटले. ज्या न्यायालयात अप्रीतीचा अर्थ फुगवला गेला, त्याच न्यायालयाने सव्वाशे वर्षांनी 'दिशाभूल'चा फुगा फोडला, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो.

येथे कोणी विचारील, 'मास्तर, मग अफवांचे काय?' प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, मंगळवेढ्याकडून आलेले. अफवा फोनवरून फिरली होती. त्या पाच घरांपुढे मी माझी व्याकरणाची वही घेऊन उभा राहिलो तर मला लाज वाटेल. कंपन्यांना मोकाट सोडा, असे म्हणणारा मी नव्हे. पण त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने आपल्या देशापुरते ठरवले, की एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये. हा नियम पुरेसा होता की नाही यावर वाद घाला, पण त्यातला 'पाच' हा शब्द मोघम नाही. तो मंत्र्यालाही पाच आणि मलाही पाच. नियम हवेतच, ज्याला ते पाळायचे आहेत त्याला मोजता येतील असे हवेत.

शेवटी नावांविषयी दोन शब्द. मजकूर काढायला लावणारे आदेश कंपन्यांना पोहोचवण्यासाठी गृहखात्याने २०२४मध्ये जी यंत्रणा उभी केली, तिचे नाव 'सहयोग'. एक्स या कंपनीने तिला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने समाजमाध्यमे अनिर्बंध ठेवता येणार नाहीत असे सांगून २४ सप्टेंबर २०२५ रोजी अर्ज फेटाळला. निकाल काही असो. ज्या देशात असहकार हा शब्द घरोघर शिकला गेला, तिथे हुकमाला सहयोग म्हणणे माझ्या कानाला खटकते. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस दूरसंचार खात्याने फरमान काढले, की प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' आधीच घातलेला असावा. हेतू चोरीचे आणि बनावट फोन शोधण्याचा, म्हणजे चांगलाच. लोकांनी ओरड केली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ते बरे झाले. साथी माणूस निवडतो. नेमून दिलेल्याला आपण पहारेकरी म्हणतो.

कंपनी 'अनुभव' म्हणते, सरकार 'सहयोग' म्हणते. दोघांचे भांडण चाललेले असते तेव्हा आपण एकाची बाजू घ्यायला धावतो. पण भांडण भिंतीच्या मालकीचे असते आणि भिंतीवर लिहिणारा त्यात कोणीच नसतो. कथा-कवितेतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर वर्षभर वाद घालणारे आपण मराठी वाचक आहोत. त्यातली थोडी चिकित्सा या गद्याच्याही वाट्याला यावी, एवढेच माझे मागणे.

या दिवाळीत आईच्या फोनवर पुन्हा तसलीच चळत आली. तिने हात धुतले, चष्मा लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. "वाचून दाखव," म्हणाली. मी वाचत, मराठी करत गेलो. तिसऱ्या परिच्छेदात 'इतर संबंधित कारणांसाठी' आले तशी तिने मला थांबवले.

"इतर म्हणजे कोणती?"

करंज्यांचे सारण तसेच पडून होते, आणि अजून सतरा परिच्छेद राहिले होते.