वस्तुसंग्रहालयाचे कर्मचारी आणि मुक्त ज्ञानकोशाचे संपादन : मेहकरच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजशब्द : वस्तुसंग्रहालय, विकिपीडिया, मुक्त ज्ञानकोश, संदर्भ, मौखिक परंपरा, मेहकर

प्रस्तावना :

ज्ञानकोश ही संकल्पना मराठी समाजाला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही प्रकल्पांत लेखक निवडलेले होते आणि त्यांच्या लेखनाची जबाबदारी संपादक मंडळाकडे होती. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ही रचनाच उलटी केली. तेथे कोणीही लिहू शकतो. लिहिणाऱ्याच्या पदवीला महत्त्व नसून त्याने दिलेल्या संदर्भाला महत्त्व असते. विकिपीडियाची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली. वस्तुसंग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी या मुक्त ज्ञानकोशाचे संपादन शिकावे, हा विचार गेल्या दीड दशकात जगभर रुजला. प्रस्तुत लेखात या विचाराची चिकित्सा मेहकर (जि. बुलडाणा) येथील वारशाच्या संदर्भात केली आहे.

ब्रिटिश म्युझियमचा प्रयोग :

या विचाराचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २०१० मध्ये केलेला प्रयोग होय. लियाम वायट या विकिपीडिया संपादकाने तेथे पाच आठवडे स्वयंसेवक म्हणून काम केले. ‘निवासी विकिपीडियन’ ही कल्पना तेथूनच रूढ झाली. यात अभिरक्षक आणि विकिपीडियाचे संपादक यांना एकत्र बसवण्यात आले. हॉक्सन येथे सापडलेल्या रोमन निधीवरील लेख दोघांच्या सहकार्याने विस्तारला आणि इंग्रजी विकिपीडियावर उत्कृष्ट लेखाच्या दर्जाला पोहोचला. रोझेटा शिलालेखाची माहिती म्युझियमच्या स्वतःच्या पानापेक्षा विकिपीडियावर पाच पट अधिक लोक वाचतात, असे म्युझियमच्या वतीने त्या वेळी सांगण्यात आले होते. लोक जेथे वाचतात तेथे अचूक माहिती पोहोचवावी, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता.

मात्र संग्रहालये आणि मुक्त ज्ञानकोश यांचे संबंध नेहमीच सलोख्याचे होते असे नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २००९ मध्ये, लंडनच्याच नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आपल्या संकेतस्थळावरील तीन हजारांहून अधिक छायाचित्रे मुक्त भांडारात चढवल्याबद्दल एका संपादकाला कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता. चित्रे जुनी असली तरी त्यांच्या छायाचित्रांवर आपला हक्क आहे, अशी गॅलरीची भूमिका होती. एकाच शहरातील दोन संस्थांच्या या दोन भूमिका लक्षात घेतल्यास कर्मचाऱ्यांना संगणकाची कळ दाबायला शिकवणे हा प्रशिक्षणाचा सर्वांत सोपा भाग आहे, हे स्पष्ट होते. आपल्या ताब्यातील ज्ञान कोणाचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

यशाचे अनुच्चारित कारण :

ब्रिटिश म्युझियमचा प्रयोग यशस्वी झाला याचे श्रेय सामान्यतः सहकार्याच्या वृत्तीला दिले जाते. हे विवेचन अपुरे आहे. हॉक्सनच्या निधीवर उत्खननाचे अहवाल, सूची आणि विद्वानांचे लेख अगोदरच छापलेले होते. अभिरक्षकाने संपादकाला कोणते पुस्तक उघडावे एवढे सांगितले तरी पुरेसे होते. विकिपीडियाचे दोन नियम येथे महत्त्वाचे ठरतात. पहिला, विधान पडताळण्याजोगे असावे. दुसरा, ज्ञानकोशात मूळ संशोधन नको. म्हणजेच जे अन्यत्र विश्वासार्ह रीतीने प्रसिद्ध झालेले नाही ते ज्ञानकोशात प्रथम मांडता येत नाही. छापील साहित्याने समृद्ध असलेल्या भाषेत हे नियम शिस्त ठरतात. ज्या भाषेत संग्रहालयाचे ज्ञान नोंदवहीत आणि जुन्या कर्मचाऱ्याच्या स्मरणात आहे, तेथे तेच नियम दाराला लावलेली कडी ठरतात.

ही अडचण विकिपीडियाच्या वर्तुळातही ओळखली गेली होती. २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील उत्तर सोथो या भाषांत ‘मौखिक संदर्भ’ वापरण्याचा प्रयोग केला. जाणकार व्यक्तीची मुलाखत ध्वनिमुद्रित करून तीच लेखाचा आधार म्हणून द्यावी, अशी त्याची पद्धत होती. या प्रयोगाने प्रश्न योग्य मांडला, परंतु तो सर्वमान्य रीत बनू शकला नाही. ध्वनिमुद्रण हे सांगितले गेल्याचा पुरावा असते. सांगितलेले खरे असल्याचा पुरावा नसते.

मेहकरचे उदाहरण :

मेहकरचा वारसा बहुतांशी जागेवरच आहे. शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातील भव्य मूर्ती, प्राचीन धर्मशाळेचे स्तंभ, कंचनीचा महाल आणि जवळच लोणारचे दैत्यसूदन मंदिर ही त्याची प्रमुख स्थळे होत. शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ मध्ये जमिनीखालून मिळाली, ती लंडनला नेण्याचा सरकारचा विचार होता आणि म्हणून गावकऱ्यांनी घाईने तिची स्थापना केली, अशी परंपरा मेहकरात सांगितली जाते.

या एका परिच्छेदात तीन वेगवेगळ्या दर्जाची विधाने आहेत. मूर्ती काळ्या पाषाणाची आहे, हे कोणासही पाहून पडताळता येते. ती १८८८ मध्ये मिळाली, या विधानाला समकालीन कागदाचा आधार हवा. ती लंडनला जाणार होती, हे विधान सरकारी पत्रव्यवहार समोर येईपर्यंत ‘अशी परंपरा आहे’ या शब्दांतच मांडले पाहिजे. सामान्य उत्साही संपादक ही तिन्ही विधाने एकाच सुरात लिहितो. संग्रहालयात काम केलेली व्यक्ती तसे करीत नाही. कारण वस्तू कोठून आली, कोणी दिली, केव्हा नोंदली गेली हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्याची तिला सवय असते. मुक्त ज्ञानकोशाला संग्रहालयाच्या कर्मचाऱ्याची खरी गरज आहे ती या सवयीसाठी.

मेहकरविषयी छापील आधार मुळीच नाही असे नाही. लायल यांनी संपादित केलेले १८७० चे वऱ्हाड गॅझेटिअर, हेन्री कझिन्स यांची १८९७ ची मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी आणि नेल्सन यांचे १९१० चे बुलडाणा जिल्हा गॅझेटिअर हे ग्रंथ उपलब्ध आहेत. परंतु ते सर्व इंग्रजीत असून प्रशासनाच्या दृष्टीने लिहिलेले आहेत. केवळ त्यांच्या आधारे मराठी लेख लिहिल्यास मेहकरचे लोक स्वतःच्या गावाची ओळख वसाहतकालीन अधिकाऱ्याच्या नजरेने करून घेतील. नियम पाळले जातील, पण दृष्टी उसनी राहील.

हक्क आणि संकोच :

प्राचीन शिल्पावर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नसतो; छायाचित्रावर मात्र छायाचित्रकाराचा असतो. मुक्त परवान्यानुसार दिलेले छायाचित्र व्यापारी कामासाठीही वापरता येते. ही बाब कर्मचाऱ्यांना आरंभीच स्पष्ट सांगितली पाहिजे. शिवाय पूजेतील मूर्तीच्या बाबतीत कायद्याइतकेच महत्त्व मंदिर व्यवस्थेच्या संमतीला आहे. ज्ञान मुक्त करण्याच्या उत्साहात श्रद्धेचा संकोच मोडू नये. त्याचप्रमाणे कर्मचाऱ्याने स्वतःच्या संस्थेविषयी लिहिताना हितसंबंध उघड करावेत, ही विकिपीडियाची अपेक्षाही रास्त आहे.

मराठी विकिपीडियाने सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ आणि विचारविनिमयाच्या जागेला ‘चावडी’ ही नावे दिली आहेत. ही नावे अर्थपूर्ण आहेत. चावडीवर प्रत्येकाला बोलता येते, परंतु तेथे बोललेले सर्वांसमक्ष तपासले जाते. बंद नोंदवहीत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला हा बदल प्रथम जड जाणे स्वाभाविक आहे.

निष्कर्ष :

१. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात संपादनाच्या तंत्रापेक्षा संदर्भांचे मूल्यमापन आणि परवान्याचे ज्ञान यांना अग्रस्थान असावे.

२. ब्रिटिश म्युझियमचे यश पूर्वप्रकाशित साहित्यावर उभे होते. ते साहित्य नसताना केवळ कार्यशाळांचे अनुकरण केल्यास लेखांची संख्या वाढेल, विश्वासार्हता वाढणार नाही.

३. मौखिक परंपरा वगळू नये. ती परंपरा म्हणूनच नोंदवावी.

४. छापील मराठी संदर्भ निर्माण करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांचे आहे. इतिहास व मराठी विभागांनी मूर्ती, शिलालेख, बारवा आणि आख्यायिका यांचे सर्वेक्षण करून ते तज्ज्ञपरीक्षित नियतकालिकांतून प्रसिद्ध केले, तर ज्ञानकोशाला आधार मिळेल.

तात्पर्य, संग्रहालयाच्या कर्मचाऱ्याने संपादन शिकणे ही या प्रक्रियेची दुसरी पायरी होय. पहिली पायरी प्राध्यापकांच्या लेखणीची आहे आणि मेहकरपुरती तरी ती अद्याप पूर्णपणे चढली गेलेली नाही.