गुळवेलीवरचे दोन पेपर कसे वाचायचे?

संशोधनाचा विषय निवडायची वेळ आली की दरवर्षी कोणीतरी ‘औषधी वनस्पतींचा रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम’ हा विषय घेऊन येतंच. विषय चांगलाच आहे. आपल्या सोलापुरात कडुनिंबावर चढलेली गुळवेल शोधायला लांबही जावं लागत नाही. पण ‘इम्युनिटी वाढते’ म्हणजे नक्की काय वाढतं, कोणाची वाढते आणि किती डोसला, असं विचारलं की गडबड सुरू होते. म्हणून आज गुळवेलीवरचे (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) दोन पेपर शेजारी ठेवून वाचूया. दोन्ही मुंबईचे, आणि वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध.

पहिला १९९३ चा, ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’मधला. लेखकांमध्ये केईएमच्या डॉ. निर्मला रेगे आणि डॉ. शारदिनी डहाणूकर आहेत. पित्ताचा मार्ग अडल्यामुळे कावीळ झालेले ३० रुग्ण, दोन गट. अशा रुग्णांत न्यूट्रोफिल पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची ताकद कमी झालेली असते. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत रोज किलोमागे १६ मिलिग्रॅम गुळवेल. यकृताचं काम दोन्ही गटांत सारखंच राहिलं, पण न्यूट्रोफिलची ताकद फक्त गुळवेलीच्या गटात पूर्ववत झाली. सेप्टिसेमिया पहिल्या गटात ५० टक्के, दुसऱ्यात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेले ४० टक्के विरुद्ध ९२.४ टक्के.

या पेपरची मांडणी मला आवडते. ‘इम्युनिटी’ असा मोघम शब्द नाही, मोजता येणारी एक पेशी आणि तिचं एक काम आहे. डोस लिहिलेला आहे. पण ९२.४ मधल्या दशांशाला भुलू नका. गट साधारण १५ चा धरला, तर एक रुग्ण इकडचा तिकडे झाला की निकाल सहा-सात टक्क्यांनी हलतो. शिवाय हे रुग्ण मुळात प्रतिकारशक्ती खचलेले होते. धडधाकट माणसाने महिनोन् महिने काढा प्यावा, असं हा पेपर कुठेच सांगत नाही. ती उडी आपण मारली.

दुसरा पेपर २०२१ चा, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’मधला, डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांचा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची इजा झाली, आणि तिचं रूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटावी, तसं. या पेपरची मर्यादा उघड आहे: तुलनेला दुसरा गट नाही, आणि एकूण किती लोकांनी गुळवेल घेतली ते माहीत नाही. त्यामुळे धोक्याचं प्रमाण यातून काढता येत नाही. सहा जणांची नोंद हा इशारा असतो, दर नव्हे.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या पेपरला दिशाभूल करणारा म्हटलं. रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पाही असू शकते, हा त्यांचा एक आक्षेप. पद्धतीच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. मात्र ‘परंपरेने वापरात आहे, म्हणून सुरक्षित’ हे उत्तर शास्त्रीय नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या वापरात दुर्मीळ इजा सहज नजरेतून सुटते. शिवाय ऑक्टोबर २०२० च्या आयुषच्या कोविड मार्गदर्शिकेत गुडूची घनवटी होती. सल्ला देणारा आणि त्याचा बचाव करणारा एकच असला की वाचकाने जास्त सावध व्हावं. पुढे २०२२ मध्ये ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’मध्ये १३ केंद्रांतल्या अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यात मिळालेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही होती. आक्षेपाला खरं उत्तर असं द्यायचं असतं.

मग खरं कोण? माझ्या मते दोघेही. प्रतिकारयंत्रणा म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की जितकी भरेल तितकी बरी. जी चालना खचलेल्या न्यूट्रोफिलला उपयोगी पडते, तीच ऑटोइम्यून प्रवृत्ती असलेल्या माणसाला महागात पडू शकते. ही अजून शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. तपासायला मात्र उत्तम प्रश्न आहे.

तेव्हा प्रपोजल लिहिताना ‘इम्युनिटी वाढवणे’ हे शब्द खोडा. कोणती पेशी, कोणतं काम, कोणता अर्क, किती डोस, कोणता रुग्ण ते लिहा. झाडाचा नमुना वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख पटवून हर्बेरियममध्ये जमा करा. आणि घरात कोणाला ऑटोइम्यून थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असेल, तर काढ्याचा पेला हातात देण्याआधी डॉक्टरांना विचारा. पेपर वाचता येण्याचा पहिला उपयोग घरीच होतो.